गल्लीचे नूतनीकरण आणि रहिवाशांची वर्गणी

सोसायटीच्या सभेत समोरच्या गल्लीचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते : “आम्ही घरपट्टी भरतो, मग ही वर्गणी कशाची?” गटार तुंबलेले असते, पदपथाच्या लाद्या उखडलेल्या असतात, कोपऱ्यावरच्या बागेला कुलूप असते आणि या साऱ्यासाठी प्रत्येक घराने काही रक्कम काढावी, असा प्रस्ताव कोणीतरी भीत भीत मांडलेला असतो. प्रश्न विचारणाऱ्याला आडमुठा ठरवून गप्प बसविण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक त्याचा प्रश्न रास्त आहे. मुंबईसाठी १८८८ चा आणि राज्यातील अन्य महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम आहे. या दोन्ही कायद्यांत रस्ते, मलनिःसारण, सफाई आणि दिवाबत्ती ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून नोंदलेली आहेत. त्यांसाठीच कर घेतला जातो. तेव्हा वर्गणी मागणाऱ्याने आधी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे.

गंमत अशी, की हीच गल्ली भाद्रपदात गणपतीची वर्गणी फारशी कुरकुर न करता देते. त्यामागे केवळ भक्ती आहे असे मानणे भोळेपणाचे ठरेल. वर्गणी मागायला येणारे चेहरे ओळखीचे असतात, पावती हातात पडते, पैशांचे काय झाले ते दहा दिवस डोळ्यांसमोर उभे असते आणि जमाखर्चाचा अहवाल घरी येतो. निदान यावा अशी अपेक्षा असते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून तळेगावला काचकारखाना निघाला, तोही याच रीतीने. रक्कम प्रत्येकाला झेपेल इतकी लहान होती आणि तिचे फळ दाखविता येण्याजोगे होते. मराठी माणूस खिशात हात घालत नाही, ही तक्रार म्हणूनच फारशी खरी नाही. तो कशासाठी घालतो, हे पाहिले पाहिजे.

आलंदूरचे उदाहरण

या विषयावर सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण महाराष्ट्रातले नाही. ते चेन्नईच्या विमानतळालगतच्या आलंदूरचे आहे. २००१ च्या जनगणनेनुसार जेमतेम दीड लाख वस्तीचे हे गाव तेव्हा स्वतंत्र नगरपालिका होते; २०११ मध्ये ते चेन्नई महापालिकेत विलीन झाले. नव्वदच्या दशकात तेथे भुयारी गटार योजना नव्हती. घरोघरी सेप्टिक टँक होते आणि ते भरले की टँकर बोलावून उपसावे लागत. सांडपाणी उघड्या गटारांतून वाहत असे आणि डास ही नित्याची व्यथा होती. योजनेचा खर्च सुमारे ३४ कोटी रुपये होता आणि एवढा पैसा त्या नगरपालिकेकडे नव्हता.

तत्कालीन नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी योजनेतला एक वाटा थेट रहिवाशांकडून उभा करायचे ठरविले. प्रत्येक घराने जोडणीपोटी ५,००० रुपये, तर व्यापारी आस्थापनांनी १०,००० रुपये आगाऊ भरायचे होते. योजना सुरू झाल्यावर घरामागे दरमहा सुमारे १५० रुपये आकार ठरला. त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबालाही पाच हजार रुपये डोळे मिटून देता येत नव्हते. शिवाय पैसे आधी द्यायचे होते आणि गटार नंतर येणार होते. सरकारी कामांचा अनुभव असलेला कोणताही शहाणा माणूस अशा वेळी मान हलवून दार लावून घेतो.

दारे उघडली ती गणित मांडल्यामुळे. टँकर बोलावण्याचा खर्च प्रत्येक घर आधीच करीत होते. तो दरवर्षी किती होतो आणि जोडणी घेतल्यावर किती वाचेल, हे रहिवासी संघांच्या बैठकांतून सांगितले गेले. नगरसेवक घरोघरी गेले. ज्यांना एकदम रक्कम देणे अशक्य होते त्यांच्यासाठी हप्ते आणि बँकांच्या कर्जाची सोय झाली. जमा झालेली रक्कम पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत न मिसळता या कामासाठी वेगळी ठेवली गेली, आणि माझ्या मते हाच या साऱ्या खटाटोपाचा कणा होता. मुख्य काम मार्गी लागण्यापूर्वीच हजारो कुटुंबांनी पैसे भरले होते. लोकांनी स्वतः पैसे घातले आहेत हे दिसल्यावर कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचा आणि ठेकेदाराचाही विश्वास वाढला. २००० मध्ये काम सुरू झाले आणि २००३ मध्ये योजना कार्यान्वित होऊ लागली.

घरपट्टीच्या प्रश्नाचे उत्तर आलंदूरने असे दिले : कर नेहमीच्या कामांसाठी; ही रक्कम मात्र एका ठरावीक नव्या सोयीसाठी, एकदाच, आणि जी सोय तुमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येणार आहे तिच्यासाठी. हे उत्तर प्रत्येक कामाला लागू पडत नाही. रस्त्यावरचे खड्डे बुजविण्यासाठी कोणी वर्गणी मागू लागला तर त्याला नकार देणेच योग्य.

दोन हजार रुपये आणि दहा वर्षांची हमी

आलंदूरमध्ये निदान घरे पक्की होती आणि बहुतेकांकडे मालकी होती. ज्यांच्या डोक्यावरचे छप्परच उद्या राहील की नाही याची शाश्वती नाही, ते वस्तीसाठी पैसे का देतील? या प्रश्नाला अहमदाबादने १९९५ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ योजनेत उत्तर शोधले.

योजनेमागची अभियांत्रिकी कल्पना हिमांशु पारीख या अभियंत्याची. झोपडवस्त्या बहुधा नाल्यांच्या काठी, शहराच्या सखल भागात असतात. म्हणजेच पाणी नैसर्गिकरीत्या जेथून वाहून जाते तेथेच. मलवाहिन्या त्याच उताराने टाकल्या तर वस्ती आणि शहर दोघांचीही सोय कमी खर्चात होते, असा त्यांचा विचार होता. त्यांनी तो आधी इंदूरमध्ये अमलात आणला होता. त्या कामाला १९९८ मध्ये आगाखान वास्तुरचना पुरस्कारही मिळाला. परंतु इंदूरचे काम मुख्यतः ब्रिटिश सरकारच्या मदतीतून झाले होते, आणि पुढे देखभालीअभावी ते कितपत टिकले याबद्दल अभ्यासकांत तीव्र मतभेद झाले. अहमदाबादमध्ये म्हणूनच रहिवाशांचा वाटा हा योजनेचा अनिवार्य भाग केला गेला.

संजयनगर ही १८१ कुटुंबांची वस्ती पहिल्या प्रयोगासाठी निवडली गेली. घरोघरी नळ, स्वतंत्र शौचालय, मलवाहिनी, फरसबंद गल्ल्या, पावसाच्या पाण्याचा निचरा, रस्त्यावरचे दिवे आणि कचरा उचलण्याची व्यवस्था अशी कामे होती. वस्तीतील या कामांचा खर्च घरामागे सुमारे ६,००० रुपये धरला होता. त्यातले २,००० रुपये कुटुंबाचे, २,००० महापालिकेचे आणि २,००० खासगी उद्योगाचे. या पहिल्या प्रयोगात तो वाटा अरविंद मिल्सने उचलला. याखेरीज देखभालीसाठी प्रत्येक कुटुंबाने १०० रुपये रहिवाशांच्या मंडळाकडे जमा करायचे होते. ज्यांच्याकडे एवढी रक्कम नव्हती त्यांना ‘सेवा’ संघटनेच्या महिला बँकेने कर्ज दिले. ‘साथ’ ही स्वयंसेवी संस्था वस्तीत बैठका घेत राहिली.

मात्र या सर्वांहून मोलाची गोष्ट पैशाच्या रूपात नव्हती. किमान दहा वर्षे वस्ती हटविली जाणार नाही, अशी हमी महापालिकेने दिली. जमिनीची मालकी दिली नाही, पण दहा वर्षे दिली. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने दोन हजार रुपये काढले ते या हमीच्या बळावर. मध्यमवर्गीय वस्त्यांतही हाच नियम थोड्या वेगळ्या रूपात लागू असतो. इमारत पुनर्विकासाला जाणार अशी कुजबुज सुरू झाली की गल्लीच्या सुशोभीकरणाला कोणी दहा रुपये देत नाही; अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरूही देत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

योजनेत सारे सुरळीत झाले असे नव्हे. पहिल्या प्रयोगानंतर उद्योगसमूहाने अंग काढून घेतले, पुढच्या टप्प्यांत खासगी वाटा जवळपास नाहीसाच झाला आणि तो भार महापालिकेने उचलला. योजना पुढे सुमारे ६० वस्त्यांपर्यंत गेली. अहमदाबादचा पसारा पाहता हा आकडा मोठा नाही. परिणाम मात्र मोजला गेला आहे. ‘सेवा’च्या आरोग्य विम्याच्या दाव्यांवरून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुधारलेल्या वस्त्यांमध्ये दावेदाराने दूषित पाण्याशी संबंधित आजारासाठी दावा करण्याची शक्यता ३२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आल्याचे आढळले. दोन हजार रुपयांचे काय झाले, हे विचारणाऱ्या गृहिणीला द्यायला याहून सरळ उत्तर नाही.

मुंबईतले धडे

मुंबईचा अनुभव संमिश्र आहे. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या मलनिःसारण प्रकल्पाचा भाग म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महापालिकेने झोपडवस्ती स्वच्छता कार्यक्रम हाती घेतला. सार्वजनिक शौचालये पालिका बांधणार. पण त्याआधी वस्तीत मंडळ स्थापन होऊन प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे १०० रुपये, कुटुंबामागे जास्तीत जास्त ५०० रुपये जमा झाले पाहिजेत, अशी अट होती. ही रक्कम देखभालीसाठी बँकेत ठेवायची आणि पुढे मासिक पासाच्या पैशांतून पाणी, वीज व सफाई कामगाराचा खर्च चालवायचा. तीनशेहून अधिक शौचालये या रीतीने उभी राहिली. जेथे मंडळ खरोखर वस्तीचे होते, तेथे ती पालिकेच्या जुन्या शौचालयांपेक्षा कितीतरी नीटनेटकी राहिली. पण अट पूर्ण करण्याची घाई झाली, की कागद पुढे जातो आणि माणसे मागे राहतात. काही ठिकाणी रहिवाशांची वर्गणी ठेकेदाराने किंवा स्थानिक पुढाऱ्यानेच भरून टाकल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. ज्याने पैसे भरले, शौचालय त्याचे झाले. वस्तीतली माणसे पुन्हा गिऱ्हाईक झाली.

सुस्थित वस्त्यांत याच सुमारास ‘एएलएम’ म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ ही चळवळ सुरू झाली. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी कचऱ्याचे वर्गीकरण आणि गल्लीची सुधारणा आपणहून हाती घेतली, त्या अनुभवातून महापालिकेने ही योजना शहरभर नेली. रहिवाशांनी ओला कचरा जिरवायचा, गल्लीची देखरेख करायची, आणि पालिकेने अशा गल्ल्यांच्या तक्रारींना प्राधान्य द्यायचे, असा हा अलिखित करार. पालिकेचा अधिकारी बैठकीला येत राहिला तोवर गल्लीतल्या काका-काकूही आल्या. तो येईनासा झाला की मंडळही थंडावले. अनेक ‘एएलएम’ आज नावापुरते उरले आहेत.

ओव्हल मैदानाची कथा याहून सुखद आहे. राज्य शासनाच्या मालकीच्या सुमारे २२ एकरांच्या या मैदानाची नव्वदच्या दशकात दुर्दशा झाली होती. परिसरातील रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि पुढे देखभालीचे काम रहिवाशांच्याच विश्वस्त संस्थेकडे आले. देणग्यांतून मैदान सावरले. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटले, त्या समूहाच्या मधोमध हे मैदान आहे. पैसा आजूबाजूच्या धनिक घरांतून आला, पण रविवारी तेथे क्रिकेट खेळायला शहराच्या कोणत्याही टोकाची मुले येतात, ही त्यातली खरी मिळकत.

असे नेहमीच घडत नाही. शहरातील मोकळ्या जागा खासगी संस्थांना देखभालीसाठी ‘दत्तक’ देण्याच्या धोरणात काही मैदानांभोवती क्लब उभे राहिले आणि सामान्यांना फाटकावर अडविले जाऊ लागले. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने असेच धोरण पुन्हा मंजूर केले तेव्हा नागरिकांनी एवढा विरोध केला की तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ते थोपवावे लागले. वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क मिळतो. रस्त्यावर किंवा बागेवर मालकी मिळत नाही. हे पहिल्याच सभेत स्पष्ट केले नाही, तर गल्लीच्या तोंडाशी फाटक बसविण्याची आणि भाजीवाल्याला हटविण्याची मागणी तिसऱ्या सभेत हमखास येते.

मागण्यापूर्वी आणि मागताना

प्रत्यक्षात वर्गणीची मोहीम हाती घेणाऱ्यांनी आधी प्रभाग कार्यालयाची पायरी चढावी. जे काम पालिकेच्या अंदाजपत्रकातून होऊ शकते, त्यासाठी लोकांचे पैसे घेणे चूक आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांनुसार पदपथ, दिवे, बाके अशी लहान कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. अर्ज वेळेत गेला तर गल्लीतली निम्मी यादी येथेच आटोपू शकते. दुसरी गोष्ट, सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर किंवा बागेत परवानगीशिवाय स्वखर्चानेही काही बांधता येत नाही. ती लेखी घ्यावी आणि त्याच पत्रात पुढच्या वर्षभरात तेथे जलवाहिनी वा केबलसाठी खोदाई नियोजित आहे काय, हेही विचारून घ्यावे. लोकांच्या पैशांतून बसविलेल्या लाद्या दोन महिन्यांत उखडल्या गेल्या, तर त्या गल्लीत पुन्हा दहा वर्षे कोणी वर्गणी देत नाही.

पैसे कोणाच्या नावाने घ्यायचे, हा कळीचा मुद्दा. गृहनिर्माण संस्थेच्या खात्यातला निधी सहज हाताशी असतो म्हणून तिकडे नजर वळते. पण आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दराने जमणारा दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के दराने जमणारा सिंकिंग फंड हे इमारतीसाठी असतात. ते गल्लीसाठी वळविणे म्हणजे उद्याच्या गळक्या गच्चीचे पैसे आज खर्च करणे. संस्थेला हातभार लावायचाच असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून स्वतंत्र, ऐच्छिक वर्गणी घ्यावी. अनेक इमारती एकत्र येत असतील तर नोंदणीकृत संस्था किंवा विश्वस्त मंडळ असणे बरे. नोंदणी नसताना सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क अन्वये धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना ही वाट परिचित आहे. प्राप्तिकरात सवलत मिळेल असे सांगून पैसे मागणाऱ्यांनी आधी संस्थेकडे तशी मान्यता आहे की नाही हे पाहावे. मान्यता असली तरी दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या पगारदाराला तिचा काहीच उपयोग नाही.

रक्कम ठरविताना समान वाट्याचा मोह होतो, कारण तो न्याय्य दिसतो. चाळीतली एक खोली आणि रस्त्यालगतचे मोठे दुकान यांना सारखीच रक्कम लावणे न्याय्य नाही. आलंदूरने घर आणि व्यापारी आस्थापना यांच्यात दुपटीचा फरक केला होता, तो आधार घेण्याजोगा आहे. निवृत्तिवेतनावर जगणारे एखादे आजोबा पूर्ण रक्कम देऊ शकणार नाहीत. त्यांच्याशी दोघांनी जाऊन खासगीत बोलावे आणि देतील ते आदराने घ्यावे. थकबाकीदारांची नावे जिन्याखालच्या फलकावर लावण्याची पद्धत मासिक देखभाल शुल्कासाठी असू द्या. ऐच्छिक वर्गणीसाठी ती असभ्य आहे, आणि परिणामकारकही नाही.

मागायला कोणी जावे? ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याने जाऊ नये. इमारतीतल्या प्रत्येक घरी ज्यांचे येणे-जाणे आहे अशा दोघी-तिघी जणी आणि सोबत आकडे पाठ असलेला एखादा निवृत्त हिशेबनीस, ही जोडी उत्तम. हातात कामाचे रेखाटन असावे, ठेकेदारांची निदान तीन दरपत्रके असावीत आणि पालिका काय करणार व आपण काय करणार हे एका कागदावर दोन रकान्यांत मांडलेले असावे. काम तीन टप्प्यांत असेल तर पैसेही तीन टप्प्यांत मागावेत. पहिल्या टप्प्यात लोकांना दिसेल असे काही करावे. जमिनीखालचे गटार कितीही आवश्यक असले तरी त्यासोबत कोपऱ्यावरचा दिवा लागला पाहिजे.

उरतो देखभालीचा प्रश्न, आणि बहुतेक मोहिमा येथेच अडखळतात. उद्घाटनाच्या नारळापर्यंत उत्साह असतो. रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार पुढच्या उन्हाळ्यात कोण देणार, याचा विचार झालेला नसतो. त्यामुळे पहिल्याच अंदाजपत्रकात दोन वर्षांच्या देखभालीची रक्कम धरावी आणि ती वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावी. हिशेब दर सहा महिन्यांनी, रक्कम कितीही लहान असली तरी, पावत्यांच्या प्रतींसह सर्वांना द्यावा. काम संपून पैसे उरले तर ते परस्पर पुढच्या कामाला लावू नयेत. सभा बोलवावी आणि ते परत करायचे की देखभाल ठेवीत टाकायचे, हे वर्गणीदारांनाच विचारावे.